स्कायडायव्हिंगनंतर डोकं दुखायचं थांबत नाही? घरी काय तपासायचं आणि दवाखाना कधी गाठायचा

हरियाणातलं नारनौल, दुबई किंवा आणखी कुठे टँडम उडी (इन्स्ट्रक्टरला बांधून मारलेली पॅराशूट उडी) मारून आलेल्या माणसाचं डोकं पहिल्या संध्याकाळी जड होणं नेहमीचंच आहे. रात्रभराचा प्रवास, पहाटेचं उठणं, धास्तीने घशाखाली न उतरलेला नाश्ता, धावपट्टीवरचं ऊन, उघड्या दाराच्या विमानाचा आवाज. एवढ्याने कुणाचंही डोकं उठेल. ते पाणी, जेवण आणि एका झोपेने उतरतं. हा लेख न उतरणाऱ्या डोकेदुखीसाठी आहे. कोल्हापुरात परत येऊन दोन दिवस झाले, कामावर रुजू झालात, तरी डोकं ठणकतंच आहे, त्यांच्यासाठी.

पहिली गोष्ट लक्षात ठेवा. डोकं किती दुखतं यावरून कारण कळत नाही. ते कधी सुरू झालं, नेमकं कुठे दुखतं आणि उभं राहिल्यावर वाढतं की आडवं झाल्यावर, यावरून कळतं. हे तीन धागे हातात असले की डॉक्टरांचं निम्मं काम सोपं होतं. ते नसले तर महिनाभर गोळ्या बदलत राहतात.

घरी काहीही करून बघण्याआधी

खालीलपैकी एक जरी खूण असली तरी हा लेख बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा, किंवा गाडी काढून कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिला राजे) अथवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. गाडी दुसऱ्याने चालवायची, दुखणाऱ्याने नाही.

- वीज पडावी तसं अचानक, मिनिटभरात टोकाला गेलेलं दुखणं
- तोंड वाकडं होणं, बोलताना शब्द अडखळणं, एका बाजूचा हात किंवा पाय जड पडणं
- एकाचं दोन दिसणं, चालताना झोक जाणं, गरगरून उभं न राहवणं
- एका डोळ्याची पापणी खाली ओघळणं किंवा एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा लहान दिसणं
- पुन्हा पुन्हा उलटी, झटके, गुंगी, तोच प्रश्न सारखा विचारणं
- डोक्याला मार लागल्यानंतर नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा पातळ स्राव
- ताप आणि त्यासोबत मान ताठ होणं

पक्षाघाताच्या खुणा दिसल्या तर घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तपासण्यांचा वेळही त्यातच मोजला जातो. 'सकाळी बघू' म्हणण्याइतकी सवड तिथे नसते.

दोन दिवसांची नोंद

यातली एकही खूण नसेल तर वही घ्या किंवा मोबाईलवर लिहा. दिवसातून चार वेळा: जाग आल्यावर अंथरुणातच, उठून १५ मिनिटांनी, दुपारी आणि रात्री झोपण्यापूर्वी. दरवेळी दुखण्याला ० ते १० मध्ये आकडा द्या, जागा लिहा (कपाळ, भुवयांच्या वर, डोळ्यामागे, मानेच्या मुळाशी, एक बाजू की दोन्ही) आणि त्याआधी कोणती गोळी घेतली तेही लिहा.

दुपारच्या नोंदीच्या वेळी एक चाचणी जोडा. आधी उभ्या स्थितीतला आकडा लिहा. मग उशी न घेता सपाट २० मिनिटं पडून राहा आणि पुन्हा आकडा लिहा. उठून चालायला लागा आणि १५ मिनिटांनी तिसरा आकडा घ्या. या तीन आकड्यांमधला फरक फार बोलका असतो.

आकडा ७ वरून २ वर आला आणि उठल्यावर पुन्हा ७ झाला, तर मेंदू आणि मज्जारज्जूभोवतालचं पाणी कुठून तरी झिरपत असण्याची शंका घ्यायची. उलट आडवं झाल्यावर, खोकल्यावर, पहाटे झोपेतून उठताना दुखणं वाढत असेल, तर कवटीच्या आतला दाब वाढल्याची शक्यता असते आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पुढे वाकल्यावर कपाळ फुटल्यासारखं होतं पण पडून राहिल्याने फारसा फरक पडत नाही, तर बहुतेक सायनस. मान वळवली की चमक वर डोक्यात जाते, तर मानेचे स्नायू किंवा सांधे.

पॅराशूटचा हिसका आणि मान

सर्वात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश बघू.

माणूस ताशी सुमारे २०० किमी वेगाने खाली येत असतो. पॅराशूट उघडलं की काही सेकंदांत तो वेग साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. हार्नेस, म्हणजे अंगाला आवळलेले पट्टे, धड धरून ठेवतं, डोकं मात्र मोकळं असतं. डोक्याचं वजन साधारण ५ किलो. नेहमीच्या उघडण्यात ३ ते ५ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ३ ते ५ पट) बल येतं, म्हणजे क्षणभर मानेला १५ ते २५ किलोचं डोकं पेलावं लागतं. पॅराशूट कडक उघडलं तर याहून बरंच जास्त. त्या क्षणी मान सरळ असली तर भार मणक्यांवर उभा उतरतो. पण खाली गावं कशी दिसतात ते बघायला मान वाकवलेली असेल किंवा कॅमेऱ्याकडे बघत तिरकी असेल, तर हनुवटी छातीवर आपटते आणि मानेच्या मागचे स्नायू व अस्थिबंध ताणले जातात.

तुमच्या बाबतीत काय झालं हे आठवून सांगता येत नाही, कारण त्या क्षणी कुणाचं लक्ष मानेकडे नसतं. पण पुरावा तुमच्या मोबाईलमध्येच आहे. टँडम उडीचा व्हिडिओ उघडा आणि सर्वात कमी वेगाने चालवा. पॅराशूट उघडतानाचे दोन-तीन सेकंद पुन्हा पुन्हा बघा. हनुवटी छातीला लागली का? डोकं मागे जाऊन इन्स्ट्रक्टरच्या हनुवटीवर किंवा खांद्यावर आदळलं का? मग जमिनीवर उतरतानाचा भाग बघा. पाय वर होते का, की टेकताना बूड आपटून धक्का पाठीतून वर गेला? तो भाग कापून वेगळा ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. शंभर शब्दांत जे सांगता येत नाही ते त्या तीन सेकंदांत दिसतं.

स्नायूंचं दुखणं बहुधा त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होतं. मान आखडते, मुळापासून दुखणं वर चढून डोळ्यामागे जातं, मान वळवल्यावर वाढतं, शेकल्यावर हलकं होतं. एक-दोन आठवड्यांत ते रोज थोडं थोडं उतरत जायला हवं.

पण मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर हिसक्याने फाटलं तरी सुरुवातीला दुखणं असंच दिसू शकतं. प्रकार दुर्मिळ आहे, पण तरुण माणसातल्या पक्षाघाताचं ते एक महत्त्वाचं कारण आहे. फरक कशात? दुखणं बहुतेक एकाच बाजूला, 'असं आधी कधी दुखलं नव्हतं' असं वेगळंच. कधी त्या बाजूच्या कानात नाडीच्या ठोक्याबरोबर सूं-सूं आवाज, कधी पापणी जड. पक्षाघात काही तासांनी होऊ शकतो, तसाच काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही. साध्या सीटी स्कॅनमध्ये हे सुटू शकतं. त्यासाठी मान आणि डोक्याच्या रक्तवाहिन्यांची सीटी अँजिओग्राफी किंवा एमआर अँजिओग्राफी लागते, आणि उडीतला हिसका सांगितल्याशिवाय ती कुणी सुचवणार नाही.

म्हणूनच एक गोष्ट अगदी कळकळीने सांगायची आहे. मान दुखते म्हणून सलूनमध्ये दाढी झाल्यावर कारागीर एक हात हनुवटीखाली, एक डोक्यामागे धरून 'कट्' आवाज काढतो, ते करून घेऊ नका. ओळखीतल्या कुणाकडून 'नस बसवून' घेऊ नका. तालमीतल्या वस्तादांचा हात कितीही जाणता असला तरी मानेला मालीश नको. कोल्हापुरात अंगमेहनतीच्या दुखण्याला मालीश हे पिढ्यान् पिढ्यांचं उत्तर आहे आणि पाठीला, पोटरीला ते लागूही पडतं. पण अस्तर फाटलेल्या रक्तवाहिनीला दिलेला एक पीळ गुठळी सुटायला पुरेसा आहे. रक्तवाहिनी शाबूत आहे हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत मानेला कुणी हात लावायचा नाही.

धोक्याच्या खुणा नाहीत आणि डॉक्टरांनी 'स्नायूच आहेत' म्हटलं, तर पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ १०–१५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. नंतर गरम पाण्याच्या पिशवीचा शेक. उशी एकच, मान सरळ राहील इतकी. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सोपा व्यायाम: भिंतीला पाठ लावून बसा, नजर समोर, हनुवटी न झुकवता सरळ मागे ओढा, ५ सेकंद धरा, सोडा. १० वेळा, दिवसातून तीनदा. व्यायामाने दुखणं हातात उतरलं किंवा बोटांना मुंग्या आल्या तर लगेच थांबवा. खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी निदान आठवडाभर नको, कारण प्रत्येक खड्डा हा मानेला एक लहान हिसकाच आहे.

उभं राहिलं की दुखतं, झोपलं की थांबतं

चाचणीत हा नमुना दिसला तर त्याला अशक्तपणा समजून टॉनिक घेत बसू नका. हिसक्याने मज्जारज्जूभोवतालच्या आवरणाला बारीक चीर पडून आतलं पाणी झिरपू शकतं. पाणी कमी झालं की उभ्या स्थितीत मेंदूला खालून मिळणारा आधार कमी पडतो, तो किंचित खाली ओढला जातो आणि आवरणं ताणली जातात. सोबत मान अवघडते, मळमळतं, कान दडल्यासारखे होतात किंवा वाजतात. दिवस चढेल तसं दुखणं वाढत जातं.

न्यूरॉलॉजिस्टची वेळ मिळेपर्यंत जास्तीत जास्त वेळ सपाट पडून राहा. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी, सरबत, ताक घ्या. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर ती मर्यादा मोडू नका. चहा-कॉफीने थोडा आराम पडतो, कारण त्यातलं कॅफिन. गॅसची टाकी, पाण्याची बादली उचलायची नाही, सूर्यनमस्कार नाहीत, आणि शौचाला कुंथावं लागू नये म्हणून रात्री इसबगोल. काहींची चीर एवढ्यावर मिटते. न मिटल्यास रुग्णाचंच साधारण १५–२० मिली रक्त काढून पाठीच्या कण्यात, आवरणाच्या बाहेरच्या जागेत सोडतात. ते गोठून चिरेवर ठिगळासारखं बसतं. निदानासाठी कॉन्ट्रास्टसह मेंदूचा एमआरआय आणि गरजेप्रमाणे मणक्याचा एमआरआय लागतो.

एक मेख आहे. काही आठवड्यांनी उभं-आडवं हा फरक पुसट होऊन डोकं दिवसभरच दुखायला लागतं. तेव्हा सुरुवातीच्या नोंदी नसतील तर निदान लांबतं.

भुवयांच्या वर सुई टोचल्यासारखं

गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना कानांना दडे बसतात, ते सगळ्यांना माहीत आहे. तो उतार साधारण अर्ध्या तासाचा. टँडम उडीत १३,००० फुटांवरून पॅराशूट उघडायच्या ५,००० फुटांपर्यंत माणूस मिनिटाच्या आत येतो, म्हणजे घाटाच्या चौपट-पाचपट उतार. बाहेरचा दाब झपाट्याने वाढतो आणि कपाळाच्या हाडातल्या पोकळीत, म्हणजे सायनसमध्ये, तेवढी हवा शिरायला हवी. सर्दीने, ॲलर्जीने किंवा नाकाच्या वाकड्या पडद्याने वाट बंद असेल, तर आतली हवा आकसते, अस्तर सुजतं, कधी त्याखाली रक्त साकळतं.

ओळख सोपी आहे. दुखणं हवेत असतानाच, खाली येताना सुरू झालेलं असतं. भुवयांच्या वर किंवा गालात. त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नाक साफ करताना रक्ताची छटा दिसते. वाकून बुटाची नाडी बांधताना कळ येते.

उपाय: नाक जोरात शिंकरू नका. दिवसातून दोन-तीन वेळा मिठाच्या पाण्याने नाक धुवा. एक पेला (२५० मिली) उकळून कोमट केलेलं पाणी आणि सपाट अर्ध्या चमच्याहून किंचित कमी मीठ. नळाचं कच्चं पाणी नाकात घालायचं नाही. नाक मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब तीन, फार तर पाच दिवस. त्यापुढे वापरले तर थेंब बंद करताच नाक आणखी चोंदतं. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी ते विचारूनच घ्यावेत. दुखणं आठवडाभरात निम्म्यावर आलं नाही, ताप आला किंवा घाण वासाचा पिवळा-हिरवा शेंबूड येऊ लागला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

परतीचा प्रवास अजून व्हायचा असेल तर विमानाचं तिकीट रद्द करून रेल्वेने या. दिल्लीकडून येणाऱ्यांना निजामुद्दीन–कोल्हापूर गाडी आहे. आदल्या दिवशी दुखावलेलं सायनस घेऊन उजळाईवाडीला, कोल्हापूरच्या विमानतळावर, उतरणं म्हणजे त्याच जखमेवर दुसरा घाव. त्याच सुट्टीत मालवण-तारकर्लीला स्कूबा करायचा बेत असेल तर तोही पुढे ढकला, पाण्याखालचा दाब याहून कडक असतो. आणि क्रम उलटा असेल, आधी स्कूबा मग उडी, तर मध्ये किमान २४ तास जाऊ द्या.

डोकं आपटलं असेल तर

बेशुद्ध झालो नाही म्हणजे मेंदूला मुका मार नाही, असं नसतं. डोकं जड, उजेड नकोसा, चित्त लागत नाही, चिडचिड, झोपेचं तंत्र बिघडलेलं, अशा खुणा दिसतात. पहिले २४ तास घरात कुणीतरी सोबत हवं. गाडी नको, दारू नको. २४ ते ४८ तास विश्रांती, मोबाईल आणि टीव्ही अगदी मोजका. त्यानंतर मात्र अंथरुणाला खिळून राहू नका. रंकाळ्यावर सावकाश एक फेरी, दुसऱ्या दिवशी थोडी जास्त, डोकेदुखी वाढली तर एक पायरी मागे. बहुतेक मोठी माणसं दोन आठवड्यांत सावरतात. चार आठवड्यांनंतरही त्रास असेल तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

वडिलांच्या साठीला उडीची भेट देणारी मुलं हल्ली दिसतात. भेट छान आहे, पण रक्त पातळ करणारी गोळी (इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन) चालू असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. उडी होऊन गेली असेल तर पुढचे दोन महिने लक्ष ठेवा. वयोमानाने मेंदू आणि कवटी यांमधल्या शिरा ताणलेल्या असतात, हिसक्याने त्यातली एखादी झिरपते आणि रक्त सावकाश साठत जातं. तीन-चार आठवड्यांनी डोकं दुखायला लागतं, माणूस जास्त झोपतो, विसरतो, पाय ओढत चालतो. घरचे म्हणतात वय झालं. सीटी स्कॅनमध्ये ते दिसतं आणि वेळेवर कळलं तर उपचार चांगला लागू पडतो.

गोळ्यांचं गणित

पहिले दोन दिवस, मार लागल्याची शंका असताना, फक्त पॅरासिटामॉल. ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांमध्ये किमान ६ तास, २४ तासांत चारहून जास्त नाही. यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू असेल तर विचारूनच. डिस्प्रिनमध्ये ॲस्पिरिन आहे, कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन. आत कुठे रक्त झिरपत असेल तर दोन्ही ते वाढवू शकतात. औषधाच्या दुकानात 'डोक्याची गोळी द्या' एवढंच म्हटलं तर काय हातात येईल सांगता येत नाही. नाव घेऊन मागा आणि पाकिटावरचं वाचा.

दुसरा फास जास्त फसवा आहे. आठवड्याला चार-पाच दिवस गोळी घेत तीन महिने गेले, की गोळीच डोकेदुखीचं कारण होते. महिन्यातले १५ दिवस साधी वेदनाशामकं, किंवा १० दिवस सॅरिडॉनसारख्या मिश्र गोळ्या, ही त्याची सीमा. आठवड्यात दोनहून जास्त दिवस गोळी लागू लागली तर आधी निदान करून घ्या.

डॉक्टरांना काय सांगायचं

'प्रवासातून आल्यापासून डोकं दुखतंय' असं सांगू नका. उडीचं ऐकून रागावतील म्हणून लोक गप्प बसतात, आणि मग ॲसिडिटीची गोळी घेऊन परततात. स्पष्ट सांगा: अमुक तारखेला १३,००० फुटांवरून पॅराशूट उडी मारली. उघडताना मानेला हिसका बसला, व्हिडिओ आहे. दुखणं खाली येतानाच सुरू झालं, किंवा दुसऱ्या दिवशी. उभं राहिल्यावर इतकं, आडवं झाल्यावर इतकं. इतक्या गोळ्या घेतल्या. मग वही पुढे करा आणि रक्तदाब मोजून घ्या. आधीपासून अर्धशिशी असेल तर तेही सांगा. जागरण, उपास आणि ताण उतरल्यानंतरचा सैलपणा, या तिन्हींनी ती उसळते. पण नेहमीची अर्धशिशी रुग्णाला ओळखू येते. या वेळी वेगळं वाटत असेल तर त्यावर अडून राहा.

पुन्हा उडी

गोळी न घेता सलग दोन आठवडे डोकं शांत असल्याशिवाय नाही. रक्तवाहिनीचं अस्तर फाटलेलं किंवा मज्जारज्जूच्या आवरणाला चीर पडलेली निघाली असेल तर न्यूरॉलॉजिस्टने लेखी होकार दिल्याशिवाय नाही, आणि तो मिळेलच असं धरून चालू नका. सर्दी असेल त्या दिवशी तर नाहीच, पैसे भरलेले असले तरी. विमानात बसण्यापूर्वी नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच हवा फुंकून बघा. दोन्ही कान मोकळे झाले नाहीत तर इन्स्ट्रक्टरला तिथेच सांगा. हार्नेसच्या मांडीच्या पट्ट्या घट्ट हव्यात, कारण सैल पट्ट्यांत शरीर आधी खाली घसरतं आणि मग झटका एकदम बसतो. इन्स्ट्रक्टरने खांद्यावर खूण केली की हनुवटी उचलून नजर समोर क्षितिजावर ठेवा. खालची गावं पॅराशूट उघडल्यावर चार-पाच मिनिटं निवांत बघता येतात.

स्वतः पॅराशूट घडी करणाऱ्यांनी कडक उघडल्यावर तेच पॅराशूट पुन्हा घडी करून उडी मारू नये. स्लायडर (उघडणं सावकाश करणारा कापडी चौकोन) दोऱ्यांवर वरपर्यंत, थेट कापडाला टेकून होता का, दोऱ्या धरणारे रबर बँड सैल पडलेत का, उघडताना वेग नेहमीपेक्षा जास्त होता का, हे रिगरसोबत, म्हणजे पॅराशूट तपासणाऱ्या तंत्रज्ञासोबत, बसून बघा. हेल्मेटवर कॅमेरा असेल तर पुढच्या काही उड्या तो काढून ठेवा. हिसक्यात त्या पाव किलोचा मानेवर किलोभर भार होतो.